फॉरवर्ड, स्कोब्रेव्ह आणि ४०२ ची गाडी

बी-३०४: काल रात्रीचा फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर कोणी टाकला ते विचारत नाही, सगळ्यांना कळलंय. "डोपिंगमुळे स्केटर इव्हान स्कोब्रेव्हची पदकं काढून घेतली." साफ चूक. हा रशियाचा स्पीड स्केटर. डिसेंबर २०१७ मध्ये त्याचे सोची २०१४ हिवाळी ऑलिंपिकचे निकाल रद्द केले होते. १ फेब्रुवारी २०१८ ला क्रीडा लवादाने २८ रशियन खेळाडूंवरची ती कारवाई उठवली, त्यात हाही होता. व्हँकुव्हर २०१० ची दोन पदकं कधी गेलीच नव्हती.

ए-७०१: काका, आलेलं पुढे पाठवलं फक्त. आणि लवादाने निर्दोष म्हटलेलं नाही, पुरावे अपुरे म्हटलंय.

बी-३०४: मान्य. पण व्हँकुव्हरची पदकं गेलेली नाहीत.

ए-७०१: १०,००० मीटरचं रौप्य तर नेदरलँड्सचा क्रामर लेन चुकला म्हणून पदरात पडलं.

डी-१०२: अर्धंच खरं आहे हे. शर्यतीत दोघे-दोघे धावतात, एक आतल्या लेनमध्ये, एक बाहेरच्या. शेवटच्या जोडीत क्रामर आणि स्कोब्रेव्हच होते. २५ फेऱ्या, दर फेरीला पलीकडच्या सरळ पट्ट्यावर आतला बाहेर, बाहेरचा आत. आठ फेऱ्या उरल्या असताना क्रामर बरोबर बाहेर निघाला होता. त्याच्या प्रशिक्षक केमकर्सने आत बोट दाखवलं आणि तो ऐन वेळी आत घुसला. लागोपाठ दोनदा आतलं वळण, म्हणजे साधारण साडेबारा मीटर कमी. १२:५४.५० आणि बाद. सुवर्ण ली सुंग-हून १२:५८.५५, स्कोब्रेव्ह १३:०२.०७, डी योंग १३:०६.७३. क्रामर धरला तरी स्कोब्रेव्ह तिसराच. फक्त रंग बदलला.

सी-२०५: पार्किंगमध्ये लेन चुकणाऱ्यांनाही बाद करा 😄 ४०२ ची पांढरी गाडी...

सी-४०२: गाडी रेषेच्या आतच असते. मोजून बघा, टेप पाठवते.

सचिव: कृपया विषयावर या. टँकर साडेपाचला.

बी-३०४: ५,००० चं कांस्यपण आहे, ६:१८.०५. तिथे कोणी चुकलं नव्हतं. व्हँकुव्हरची पदकं गेलेली नाहीत.

सी-२०५: फोटोत त्याच्या बुटाची टाच पात्यापासून सुटलीय. फेव्हिक्विक द्या कोणीतरी.

डी-१०२: तो क्लॅप स्केट आहे हो. बिजागरी चवड्याखाली. पाय मागे रेटताना टाच उचलली तरी पातं बर्फावर सपाट राहतं, त्यामुळे घोट्याचा शेवटचा जोर वाया जात नाही. मग स्प्रिंग पातं परत टाचेला आणून आपटते, तोच टप्-टप् आवाज. स्प्रिंग ढिली पडली तर पातं उशिरा मिटतं आणि वळणावर पाय अडखळतो. पातं जेमतेम एक मिलिमीटर जाड. घासल्यावर कडेला राहिलेली कणी काढली नाही तर सरकणं संपलं.

सी-२०५: फेव्हिक्विक परत घेतो.

ए-७०१: बरं. २०११ चं युरोपियन आणि जागतिक ऑलराउंड (चार अंतरं मिळून) विजेतेपद? क्रामर दुखापतीमुळे अख्खा हंगाम बाहेर. रिकाम्या घरात पाटील!

डी-१०२: ब्लॉकहाउसन होता, ब्योको होता, दोघेही तगडे स्केटर. घर रिकामं कुठे? शिवाय हिशोब बघा. ५०० चे सेकंद जसेच्या तसे, १५०० भागिले ३, ५,००० भागिले १०, १०,००० भागिले २०, बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो. ५०० मध्ये अर्धा सेकंद गेला की १०,००० मध्ये दहा सेकंद वसूल करावे लागतात. लांब पल्ल्याचे लोक तिथेच मार खातात. आणि जानेवारीत युरोपियनला इटलीतल्या कोलाल्बोचं उघडं मैदान, वारा-बिरा सगळं. फेब्रुवारीत जागतिकला कॅनडातल्या कॅल्गरीचं बंदिस्त, विरळ हवेतलं वेगवान बर्फ. दोन्हीकडे जिंकला. त्याआधी रशियाकडचा जागतिक ऑलराउंड विजेता म्हणजे १९८७ चा गुल्यायेव्ह, तेव्हा सोव्हिएत संघ होता.

ए-७०१: तरी क्रामर असता तर...

डी-१०२: असता तर हरलाही असता कदाचित स्कोब्रेव्ह. म्हणून २०११ चा निकाल बदलत नाही. बाकी आपली इच्छा.

सी-४०२: मोजलं. रेषेच्या आत नऊ इंच. फोटो टाकलाय.

ए-७०१: _हा मेसेज डिलीट करण्यात आला_

बी-३०४: वाचला मी. व्हँकुव्हरची पदकं गेलेली नाहीत.

सचिव: टँकर आला. बी विंगचा वॉल्व्ह कोणी बंद केलाय?