मदत हवी आहे: पुळणीवर पायी गरवायला (गळ टाकून मासे धरायला) जाताना ओझं कसं कमी करू?

नमस्कार मंडळी,
गाडी जिथे लागते तिथून माझी गरवायची जागा साधारण २ किलोमीटर लांब आहे, सुरुवातीलाच खाली उतरायला पायऱ्या आणि पुढे अर्ध्याहून जास्त वाट भुसभुशीत वाळूची. मी बहुतेक वेळा एकटीच असते त्यामुळे अर्धं तू घे अर्धं मी घेते हा प्रकार नाही. पोचेपर्यंत खांदा भरून येतो, बोटांवर बादलीच्या कडीचे वळ उठलेले असतात, आणि पहिली कास्ट टाकायच्या आधी नुसतं बसून राहावंसं वाटतं. परतताना तर विचारूच नका.

काल वैतागून सगळं वजनकाट्यावर ठेवलं. १२ फुटी दोन रॉड रीलसकट सव्वादोन किलो, १२५ ग्रॅमची १२ शिसं (लाईनला लावायची वजनं) म्हणजे दीड किलो, गळ, ल्युअर (नकली आमिष) आणि स्विव्हल (लाईनला पीळ पडू नये म्हणून फिरती कडी) यांचा डबा दोन किलो, रॉड उभे करायचे दोन पीव्हीसी पाईप सव्वा किलो, घडीची खुर्ची दोन किलो, बर्फ घातलेला छोटा आईसबॉक्स साडेतीन किलो, पाणी दोन लिटर. बेरीज केली तर साडेचौदा किलोच्या आसपास जातंय, आमिष, टॉर्च, सुरी, टॉवेल वगैरे धरलेलंच नाही.

यातलं नक्की काय घरी ठेवू? आणि जे न्यायचं ते सॅकमध्ये, बादलीत की खांद्याच्या पिशवीत? व्हिडिओंमध्ये दाखवतात ती भारीतली बॅग नको, तुम्ही स्वतः चालत जाताना काय नेता ते सांगा. आणि "व्यायाम करा" हा सल्ला प्लीज नको.

गरीवाला:
ताई, वजनं मोजून लिहिलीत हे फार बरं केलंत. एक सांगा, तुम्ही एका जागी आमिष लावून बसता की चालत चालत ल्युअर मारता? कारण यादीत खुर्ची पण आहे आणि ल्युअर पण आहेत, म्हणजे दोन वेगवेगळ्या दिवसांचं सामान तुम्ही एकाच फेरीत पाठीवर घेऊन चालताय.

ल्युअरच मारायचे तर ९-१० फुटी एक रॉड, ४००० साईजचं रील, २८ ते ४० ग्रॅमचे दोन-तीन मेटल (धातूचे ल्युअर), एखादा तरंगता मिनो (माशाच्या आकाराचा ल्युअर), थोडे सॉफ्ट प्लास्टिक, पक्कड आणि एक लिटर पाणी, बस. पाण्यासकट तीन किलोच्या आत बसतं आणि खांद्याला एक पिशवी पुरते. मी तेवढ्यावर सकाळभर फिरतो.

धागाकर्ती:
आमिषच हो. ल्युअर "वर मासे उडताना दिसले तर असावेत" म्हणून. आता लिहितानाच कळतंय की डब्यातलं निम्मं याच सदरात मोडतं.

भांगउधाण:
मग डबा घरीच राहू दे. त्यातला एकच मेटल काढा, हवं तर खिशात टाका, मनाची समजूत म्हणून. बाकी रिग, म्हणजे गळ बांधलेली तयार दोरी, घरी बांधून प्रत्येक छोट्या झिपच्या पिशवीत एक असे पाच-सहा न्या. स्विव्हल, मणी, चार साईजचे सुटे गळ, असलं दुकान वाळूत मांडून वाऱ्यात रिग बांधायची वेळच कशाला आणायची, भिजलेल्या हाताने लाईनच्या स्नॅपला (उघडमिटीच्या कडीला) नवीन रिग अडकवला की झालं.

आता शिसं. दीड किलो शिसं नेता म्हणजे बहुतेक ते तुटून जातात म्हणून जादा नेता, बरोबर ना? स्वच्छ वाळूत शिसं अडकत नाही फारसं, ते जातं कास्ट मारताना लाईन तुटल्यामुळे. शॉक लीडर, म्हणजे लाईनच्या टोकाला फेकीचा झटका सोसणारा जाड दोरा, लावता का? साधा हिशोब असा आहे की दर २८ ग्रॅम वजनामागे १० पाउंडाचा लीडर, म्हणजे ११० ग्रॅमचं शिसं पूर्ण ताकदीने फेकायचं तर ४० पाउंडी. लांबी अशी ठेवा की फेकायच्या तयारीत शिसं खाली लटकत असताना सुद्धा रीलवर लीडरचे पाच-सहा वेढे राहिले पाहिजेत, नाहीतर सगळा झटका खालच्या बारीक लाईनवर येतो. तुटलेलं शिसं गोळीसारखं सुटतं, आजूबाजूला माणसं असतील तर हा विषय वजनाच्या पलीकडचा आहे. लीडर नीट असला की मोकळ्या वाळूत चार शिसं दिवसभर पुरतात.

दुसरं म्हणजे आकार. गोल किंवा लांबोळकं शिसं प्रवाहात गडगडतं म्हणून आपण वजन वाढवत जातो. पिरॅमिड वाळूत रुततो, आणि तारांचे पाय असलेलं शिसं तर त्याहून कमी वजनात जागा धरून ठेवतं, जोरात ओढलं की तारा मागे वळतात आणि सुटून येतं. १२५ च्या जागी ९०-१०० ग्रॅमची तारवाली दोन आणि पिरॅमिड दोन घेऊन बघा.

वाळूतले_पाय:
एवढं ग्रॅम ग्रॅम मोजत बसण्यापेक्षा गाडा घ्या की राव. फुग्यासारख्या जाड टायरचा. खुर्ची, आईसबॉक्स, चार रॉड, सगळं ढकलत न्यायचं, पाठ मोकळी. फक्त बारीक चाकांचा घेऊ नका, तो वाळूत कडेपर्यंत रुततो आणि ढकलायचा सोडून ओढत न्यावा लागतो.

गरीवाला:
त्यांच्या वाटेत पायऱ्या आहेत. भरलेला गाडा एकटीने पायऱ्यांवरून वर कसा चढवणार? शिवाय गाडा आला की सामान वाढतं हा माझा अनुभव, जागा दिसली की माणूस ती भरतो. आणि मासा शंभर पावलं पुढे गेला तरी कोणी उठत नाही, कारण संसार हलवायचा कंटाळा.

वाळूतले_पाय:
पायऱ्या वाचल्या नव्हत्या, माघार. पण जिथे सपाट वाट आहे तिथे मी गाडाच म्हणेन.

रात्रपाळी:
मी नेहमी पायीच जातो, माझं थोडं लांबलचक आहे, चालवून घ्या.

बादली बंद करा. एका हातात बादली म्हणजे शरीर एका बाजूला कलतं, आणि वाळूत आधीच कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते, हे लोकांनी मोजलेलं आहे. २५-३० लिटरची साधी सॅक घ्या, कमरेचा पट्टा असलेली, वजन खांद्यावरून कमरेवर आलं पाहिजे. जड वस्तू, म्हणजे पाणी आणि शिसं, पाठीला चिकटून मध्यावर. शिसं तळाशी सुटं टाकलं तर प्रत्येक पावलाला सॅक मागे खेचते. सगळी शिसं एका जुन्या पायमोज्यात घालून गाठ मारा, आवाज पण नाही आणि बाकीच्या वस्तूंना ठोके पण नाहीत. चेन प्लास्टिकची असलेली सॅक बघा, धातूची मिठाने जाम होते.

रॉड एकच न्या. दोन रॉड असले की एकाचं आमिष बदलेपर्यंत दुसरा हलतो आणि दोन्हीकडे अर्धं लक्ष. दोन्ही तुकडे एकत्र ठेवून शेंडा मुठीच्या बाजूच्या तुकड्याला लागून राहील असे तीन ठिकाणी वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधा, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या पण चालतात. रील लावलेलंच असू दे पण त्यावर कापडी पिशवी चढवा. झाडीतून जाताना शेंडा मागच्या बाजूला. एक रॉड म्हणजे पाईपही एकच. तो टोकाला तिरपा कापलेला असेल तर चालताना काठी म्हणून वापरा, हातात आहे तेवढा पाठीवर नाही. रॉड वाळूत आडवा ठेवायचा नाही हे तुम्हाला माहीत असेलच, रीलमध्ये चार कण गेले की हँडल फिरवताना दळल्यासारखं वाटतं.

आणि ज्यावर कोणीच बोललं नाही ते म्हणजे चालायचं कुठून. वरची कोरडी वाळू सोडा, लाट नुकतीच जिथून मागे गेलीय त्या ओल्या घट्ट पट्टीवरून चाला. ओहोटीच्या आसपास निघालात तर ही पट्टी रुंद मिळते, उधाणाच्या दिवसांत जास्तच. पण ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास, म्हणजे तुम्ही चढत्या पाण्यात गरवून ऐन भरतीला परत निघालात तर तीच पट्टी पाण्याखाली गेलेली असते आणि थकलेल्या पायांनी, वर मासे घेऊन, कोरड्या वाळूतून यावं लागतं. परतताना विचारूच नका म्हणता ते त्यामुळेच असेल. भरती झाल्यावर दीड-दोन तास थांबून निघा, पाणी उतरू लागलं की वाट मोकळी होते, आणि तेवढ्या वेळात गरवणं पण होतं. फक्त वाटेत कुठे भरतीला पाणी कड्याला टेकत असेल तर तिथे हा हिशोब आधी नीट करा, अडकायला होतं.

एकट्या असता म्हणून अजून एक. मध्ये ओहळ किंवा पाण्याची घळ ओलांडायची असेल तर आधी कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, पाय घसरला तर सॅक झटकून टाकता आली पाहिजे. सॅक पाठीवर ठेवून लाटेत उतरून कास्ट मारायची नाही. हेडलॅम्प दिवसा जाताना सुद्धा सॅकमध्ये ठेवा.

भांगउधाण:
+१, ओल्या पट्टीचं अगदी खरं. त्याला जोडून, ओहोटीला जाताना नजर पुळणीवर ठेवा. किनाऱ्याला समांतर घळ गेलेली दिसते, मधूनच वाळूचा बांध तुटलेला दिसतो, भरतीला मासा बहुतेक तिथूनच आत येतो. जवळच्या पाईपपासून, झाडापासून खूण धरून ठेवा. बरेचदा ही घळ काठापासून २५-३० मीटरवरच असते आणि आपण तिच्या डोक्यावरून शंभर मीटर पलीकडे फेकत बसतो. जवळच टाकायचं असेल आणि ओढ कमी असेल तर ६०-७० ग्रॅममध्ये काम होतं, मग १२ फुटी जाड रॉडची पण गरज उरत नाही, १० फुटी हलका पुरतो. ओझं कमी करायची सुरुवात मी तरी इथूनच करेन, मासा कुठे आहे ते कळलं की बाकीचं आपोआप गळतं.

धागाकर्ती:
बापरे, भरभरून दिलंत सगळ्यांनी. शॉक लीडर लावते पण आखूड होता, शिसं जायचं कारण तेच दिसतंय. रात्रपाळी दादा, परतीची वेळ तंतोतंत ओळखलीत, भरती झाली की मी लगेच आवरते.

आता परत यादी केली: एक रॉड आणि रील १.१ किलो, एक पाईप ६०० ग्रॅम (हातात), चार शिसं ४०० ग्रॅम, रिग-पक्कड-सुरी-हेडलॅम्प मिळून ६०० ग्रॅम, सॅक स्वतः ९०० ग्रॅम, पाणी दोन लिटर, आमिष अर्धा किलो. सहा किलोच्या थोडं वर. खुर्ची गेली, जड मनाने. अडतंय ते आईसबॉक्सपाशी. मासा ऊन्हात तसाच ठेवायला जीव धजत नाही, मग करायचं काय?

गरीवाला:
पाण्याच्या दोन बाटल्यांपैकी एक आदल्या रात्री फ्रीजरमध्ये टाका, वर थोडी रिकामी ठेवून, नाहीतर फुटते. तोच तुमचा बर्फ, वितळला की प्यायचं पाणी. घडी होणारी इन्सुलेटेड पिशवी मिळते, सॅकच्या आत बसते आणि वजन नगण्य. जाताना त्यात आमिष, येताना मासा.

ठेवायचा तो मासा लगेच मारा, कल्ल्याखाली कापून रक्त काढा, आणि साफ करायला तिथे परवानगी असेल तर आतडं काढूनच पिशवीत घाला, टिकतो पण जास्त आणि वजन पण तेवढं कमी. दोन किलोचे मासे धरलेत तर परतीचं ओझं सहा किलोच्या आसपासच राहील कारण पाणी तोपर्यंत पोटात गेलेलं असेल. त्याहून जास्त मासे सोडून द्यायचे, जिवंत असतानाच.

रात्रपाळी:
आमिषाचं पण बघा जरा. लाट मागे गेल्यावर ओल्या वाळूत झटकन गडप होणारे बारीक खेकडे तुमच्याकडे असतील तर तिथेच उकरून मिळतात आणि पुळणीवरचे मासे तेच खात असतात. खणायला काही बंदी नाही ना ते आधी बघा. मी थोडंसंच आमिष घरून नेतो, नाहीच मिळाले खेकडे तर हात रिकामे नकोत म्हणून.

धागाकर्ती:
आहेत तसे खेकडे, पायाला गुदगुल्या करतात ते हेच ना? ते आमिष म्हणून कधी डोक्यातच आलं नव्हतं. गळाला लावायचे कसे, पाठीतून की पोटाकडून? मऊ कवचाचे निवडायचे की कुठलेही चालतात?

रात्रपाळी:
मऊ कवचाचा मिळाला तर सोनं, पण कुठलाही चालतो. मागच्या बाजूने पोटाकडून घालून टोक पाठीच्या कवचातून जरासं बाहेर काढा, टोक आत राहिलं तर मासा धरतो आणि सोडून देतो. गळ बारीक तारेचा घ्या, जाड तारेने खेकडा फुटतो.