मदत हवी आहे: फोर्ड मॉडेल टी, थंडीत इंजिन सुरू करायचं हँडल मारताच गाडी पुढे सरकते

गाडी १९२४ ची, मिशिगनमध्ये, गॅरेजमध्ये सकाळी उणे ८ अंश. इंजिन आणि गिअरचं ऑइल एकच, त्यामुळे ते घट्ट झालं की क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. हँडब्रेक ओढलेला असूनही हँडल जड जातं आणि गाडी अंगावर येते.

सध्याची पद्धत: पुढची चाकं आणि मागचं उजवं चाक ठोकळ्यांनी अडवायचं, मागचं डावं जॅकवर उचलायचं, हँडब्रेक पूर्ण पुढे (म्हणजे सोडलेला). मग प्लेटा सुटायची गरजच उरत नाही, उचललेलं चाक मोकळं फिरतं. इग्निशन बंद ठेवून चोक ओढून हँडलचा पाव-पाव फेरा तीनदा, मग स्पार्कचा (ठिणगीची वेळ बदलणारा) दांडा पूर्ण वर, किल्ली बॅटरीवर (सावकाश फिरताना मॅग्नेटोचा, म्हणजे इंजिनावरच फिरणाऱ्या जनित्राचा, करंट अपुरा पडतो) आणि झटका खालून वर. अंगठा बोटांच्याच बाजूला, हे सांगायला नकोच.

तरीही चार सिलिंडरांना ठिणगी देणाऱ्या चार कॉइलपैकी एखादाच बझ करतो. रोलर टायमरमधलं (कॉइलना पाळीपाळीने करंट देणारा फिरता स्विच) घट्ट वंगण संपर्क तोडत असावं, असा संशय आहे.

टायमरमध्ये हिवाळ्यात काय घालता? आणि इंजिनात ३० नंबर ऑइलऐवजी थंडीत पातळ राहणारं ५डब्ल्यू-३० घातल्यावर प्लेटा खरंच सुटतात का? तापल्यावर गिअरच्या ड्रमवर आवळणाऱ्या पट्ट्या घसरत नाहीत ना?