आप्पांवरचा अफरातफरीचा आळ खोटा निघाला, आता भरपाई किती मागावी?

आप्पांची लेक, चोपडा
आप्पा २२ वर्षं एका पतसंस्थेत कॅशियर होते. २,८४,००० कमी भरले म्हणून त्यांना कामावरून काढलं, पोलिसात तक्रार दिली. आईची पोत मोडून आम्ही दीड लाख भरले. शाखेच्या फळ्यावर आप्पांचं नाव लागलं, ते दोन वर्षं तसंच. बाजाराच्या दिवशी येणारे-जाणारे वाचायचे. आप्पांनी बाजारात जाणंच सोडलं. धाकटीची ठरलेली सोयरीक मोडली.

मग नव्या ऑडिटरला सापडलं, की सॉफ्टवेअर बदलताना पिग्मीचा, म्हणजे रोजच्या बचतीचा, भरणा दोनदा चढला होता. पैसा गेलाच नव्हता! फेब्रुवारीत कोर्टाने निर्दोष सोडलं.

आता चेअरमन म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. २६ महिन्यांचा अर्धा पगार १,८८,५०० आणि आमचे दीड लाख बिनव्याजी घ्या, 'तक्रार नाही' अशी सही द्या. आप्पांचं एकच, "मी पैसा लिधा नही, हाई लिखी द्या." सही करावी का?

निवृत्त वकील, जळगाव
ताई, सही करू नका. चुकीच्या पद्धतीने कामावरून काढलं असेल तर सेवेत सातत्य आणि पूर्ण मागचा पगार हाच सर्वसाधारण नियम, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये दीपाली सुरवसे यांच्या प्रकरणात सांगितलंय. त्या आपल्या महाराष्ट्रातल्याच शिक्षिका. म्हणजे अर्ध्यावर तडजोड कशाला? पूर्ण पगार ३,७७,०००, शिवाय दीड लाखांवर व्याज, वकिलाचा खर्च आणि पोत.

खोट्या खटल्याबद्दल भरपाईचा दावा वेगळा. त्याची मुदत सुटकेपासून एकच वर्ष, आणि सबळ कारण नसताना आकसाने तक्रार केली हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. नुसती चूक पुरत नाही. ऑडिटरचा अहवाल संस्थेच्या हातात कधी आला आणि त्यानंतरही खटला किती दिवस चालू ठेवला, ती तारीख आधी शोधा.

तापीकाठ
इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून अटक झाली, ५० लाखांच्या भरपाईचा आदेश २०१८ मध्ये. चोवीस वर्षं! आप्पांचं वय बघा. पगाराचं लवकर मिटत असेल तर मिटवा, पण 'तक्रार नाही' हे वाक्य कागदातून काढायला लावा.

माहेर पारोळा
पैशाआधी पत्र मागा. ज्या फळ्यावर नाव लावलं त्याच फळ्यावर, संस्थेच्या शिक्क्यानिशी, तेवढेच दिवस. धाकटीच्या सासरच्यांना ऑडिटचा अहवाल कोण वाचून दाखवणार? फळा सगळ्यांनी वाचलाय.

आप्पांची लेक, चोपडा
पत्राचं आप्पांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. वकीलकाका, मधे १८ महिने ते किराणा दुकानात ७,००० वर बसत होते, पावती नाही. ते सांगायचं का?

निवृत्त वकील, जळगाव
सांगायचंच. त्या कमाईचे १,२६,००० मागच्या पगारातून वजा झाले तरी होऊ द्या. लपवलेलं निघालं तर आप्पांवर पुन्हा खोटेपणाचा ठपका येईल. सोमवारी निकालाची प्रत आणि ऑडिटचा अहवाल घेऊन कामगार न्यायालयापाशी या.