एलिझाबेथच्या काळातल्या ‘ह्यूमर’ला मराठीत काय म्हणायचं?

उंबरठा
शेक्सपिअरचा समकालीन नाटककार बेन जॉन्सन याचं ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ (१५९८) मराठीत आणतेय आणि शीर्षकावरच अडलेय. तालमीला येणाऱ्या एका मित्राने ‘ज्याचा त्याचा विनोद’ सुचवलं. मी म्हटलं, तेव्हा ह्यूमर म्हणजे विनोद नव्हता. त्याला ते पटत नाही, कारण शब्दकोशात पहिला अर्थ तोच आहे.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ओल, द्रव. शरीरात चार द्रव: रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. ज्याचं प्रमाण जास्त, तसा माणूस. हिपोक्रॅटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या परंपरेतली ही कल्पना गेलेन या वैद्याने दुसऱ्या शतकात पक्की केली आणि शेक्सपिअरच्या लंडनमध्ये ती लोकांच्या तोंडी होती. पण नाटकात हा शब्द कुठे द्रव म्हणून येतो, कुठे स्वभाव म्हणून, कुठे नुसती लहर म्हणून. मला तिन्हीकडे चालेल असा एकच शब्द हवाय. ‘त्रिदोष’ आहे, तसं ‘चतुर्दोष’ करावं का?

वैद्यबुवा
‘दोष’ अजिबात नको. मराठी वाचक ‘दोष’ वाचला की वात, पित्त, कफ मोजायला लागतो आणि तिथेच घोटाळा होतो. त्यांच्या चौघांत वात नाही. आपल्या तिघांत काळं पित्त नाही. त्यांच्याकडे वायू जोडलाय रक्ताशी (उष्ण आणि ओलं), अग्नी पिवळ्या पित्ताशी, पाणी कफाशी, पृथ्वी काळ्या पित्ताशी. आपला वात रूक्ष आणि थंड. म्हणजे नावं जुळली तरी गुण जुळत नाहीत.

सुश्रुताने रक्ताला चौथं स्थान दिलंय, ‘शोणितचतुर्थैः’ असा त्याचा शब्द आहे. त्यामुळे ‘चार’ हा आकडा आपल्याला अगदी परका नाही. पण तेवढ्यावर चतुर्दोष बांधू नका.

गिरगावकर
शास्त्र बाजूला ठेवा आणि बोली ऐका. ‘त्याचं पित्त खवळलं’ हे आपण रोज म्हणतो, तेव्हा कुणाला ॲसिडिटी अभिप्रेत नसते. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’मध्ये पेट्रुचिओ बायकोच्या, कॅथरिनाच्या, पुढ्यातलं मांस करपलंय म्हणून फेकून देतो. करपलेलं मांस खाल्लं की पिवळं पित्त वाढतं, राग वाढतो, आपण दोघंही आधीच तापट, तेव्हा आज उपास केलेला बरा, असं तो तिला ऐकवतो. माझी आजी हेच म्हणायची: करपलेलं खाऊ नकोस, पित्त होईल. या वाक्याला मराठीत आणताना एकही शब्द नवा घडवावा लागत नाही.

जुनी पाटी
शब्द आहे आणि तो १८८३ सालीच वापरून झालाय. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं भाषांतर केलं त्याचं नाव ‘विकारविलसित’. विकार! पोटाचाही विकार असतो आणि मनाचाही. कामक्रोधादी विकार म्हणतो तेव्हा मनाचा, हृदयविकार म्हणतो तेव्हा शरीराचा. इंग्रजांना चार द्रवांचा सिद्धान्त मांडून जे सांगावं लागतं ते या तीन अक्षरांत आहे. आपल्या लोकांनी कमावलेला शब्द सोडून ‘ह्यूमर’ला देवनागरी टोपी घालण्याची ही सवय मला पटत नाही.

वैद्यबुवा
जुनी पाटी, ‘विकार’ म्हणजे बिघाड. चार द्रव मुळात बिघाड नव्हेत, त्यांचा समतोल म्हणजेच आरोग्य. रक्त जास्त असलेला माणूस आनंदी, लालबुंद, प्रेमळ. त्याला विकारी म्हणणार?

उंबरठा
दोघांचंही बरोबर आहे आणि म्हणूनच मी अडलेय. पण जॉन्सनला बिघाडच अभिप्रेत होता. पुढच्याच वर्षी, १५९९ साली, ‘एव्हरी मॅन आउट ऑफ हिज ह्यूमर’ आलं. त्याच्या सुरुवातीला ॲस्पर हे पात्र व्याख्याच देतं: एखादा गुण माणसाला असा पछाडतो की त्याच्या साऱ्या भावना, प्राण आणि शक्ती एकाच दिशेने वाहू लागतात, तो ह्यूमर. लगेच पुढे तो चिडून म्हणतो की टोपीत रंगीबेरंगी पीस खोवलं, गळ्याला तीन पदरी झालर लावली, बुटाला हातभर लेस बांधली, की लोक म्हणतात हा माझा ह्यूमर, आणि हे तर हास्यास्पदच. म्हणजे १५९९ सालीच शब्द फॅशन होऊन गुळगुळीत झाला होता. वैद्यांच्या ग्रंथातला शब्द शिंप्याच्या दुकानात पोचला होता. हा प्रवास मराठीत दिसला पाहिजे. ‘विकार’ दुकानात पोचत नाही.

कुंदा_नाशिक
माझ्या आईला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी समजावलं की डोळ्यातल्या ‘ॲक्वियस ह्यूमर’चा निचरा नीट होत नाही, म्हणून दाब वाढतो. तेव्हा विनोदाचा इथे काय संबंध म्हणून मी बावचळले होते. आज कळलं. म्हणजे जुना अर्थ मेलेला नाही, डोळ्यात शिल्लक आहे!

गिरगावकर
शिल्लक आपल्याकडेही आहे. द्रव जास्त झाला तर काढून टाका, हा त्यांचा मुख्य उपचार. लंडनमध्ये न्हावी आणि शल्यवैद्य यांची एकच संघटना होती, आठव्या हेन्रीच्या काळात १५४० साली झालेली. दाढीही आणि रक्त काढणंही. आता ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आठवा. तुंबडी म्हणजे दूषित रक्त ओढून काढायचं साधन. म्हण सगळ्यांना येते, तुंबडी कशासाठी होती हे किती जणांना माहीत असतं?

दख्खनी
सगळे संस्कृत आणि बोली धुंडाळताय, पण गेलेन आपल्याकडे आधीच आलाय, युनानी हकिमांबरोबर. त्यांचे चार द्रव: दम (रक्त), बलगम (कफ), सफरा (पिवळं पित्त), सौदा. बलगम हा तर ग्रीक शब्दच, अरबीतून आलेला. सौदा म्हणजे काळं पित्त, त्यावरून उर्दूत वेड, ध्यास. आणि या द्रवांच्या मिश्रणातून माणसाचा जो पिंड ठरतो तो मिजाज. अरबीत त्या शब्दाचं मूळ ‘मिसळणे’ हेच आहे. मराठीत त्याचं झालं मिजास. उंबरठाताई, तुमचं शीर्षक तयार आहे: ‘ज्याची त्याची मिजास’.

उंबरठा
दख्खनी, हे वाचून खरंच आनंद झाला. ॲस्परचा पीस खोवलेला बाबाजी मिजासखोरच आहे. आजचा अर्थ मात्र घमेंडीकडे झुकलाय. नाटकातला ईर्ष्येने पछाडलेला नवरा, भित्रा पण बढाईखोर सैनिक, या सगळ्यांना मिजास चालेल का?

जुनी पाटी
इंग्रजी नाटक मराठीत आणायला अरबी शब्द! फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथपंडितांनी कशासाठी केला?

दख्खनी
दरबारी कारभारासाठी. रंगभूमीसाठी नव्हे. आणि ‘मिजास’ मराठी नाही असं गावातल्या कुणाला सांगून बघा.

भाषांतरवाली
एकच शब्द सगळीकडे हा हट्टच सोडावा, असं माझं ठाम मत आहे. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या सावकार शायलॉकला न्यायालयात विचारतात, तीन हजार डुकाट सोडून कर्जदाराच्या अंगचं मांस कशाला हवंय? तो म्हणतो, समजा माझा ह्यूमर आहे, मिळालं उत्तर? तिथे ‘माझी लहर’ याशिवाय दुसरं काहीही मिळमिळीत वाटेल. लहर म्हणजे लाटही, सर्पविषाचीही लहर असते, द्रव तिच्यात आहेच. ‘हेन्री पाचवा’मधला निम मात्र दर दोन वाक्यांनी ‘दॅट्स द ह्यूमर ऑफ इट’ म्हणतो. त्याला अर्थ नाहीच, ते पालुपद आहे.

काळ्या पित्ताचं तर वेगळंच. ‘काळं पित्त’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच मेलंकली, म्हणजे खिन्नता. टिमथी ब्राइटने १५८६ साली त्यावर ग्रंथ लिहिला, रॉबर्ट बर्टनने १६२१ साली भला मोठा आणि मरेपर्यंत वाढवत नेला. ‘ॲज यू लाइक इट’मधला जेक्विस तर विद्वानाची, गवयाची, दरबाऱ्याची, सैनिकाची, वकिलाची, प्रियकराची अशा वेगवेगळ्या मेलंकली मोजतो आणि स्वतःची म्हणजे अनेक वनौषधींचं मिश्रण म्हणतो. तिथे ‘उदासी’ लिहिलं की वनौषधी लटकी पडते, ‘कृष्णपित्त’ लिहिलं की प्रियकर हास्यास्पद होतो.

मडगांवकर
एक गोष्ट कुणी बोललंच नाही. याच काळातला एक इंग्रज स्वतः मराठीत लिहीत होता. फादर थॉमस स्टीफन्स, एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये वाढलेला, कॅथलिक म्हणून देश सोडलेला, १५७९ साली गोव्यात उतरला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यातल्या रायतूरला १६१६ साली छापलं, आणि त्याच वर्षी शेक्सपिअर वारला, त्याच वर्षी जॉन्सनच्या नाटकांचा मोठा संग्रह निघाला. स्वर्गासाठी तो बेधडक ‘वैकुंठ’ लिहितो. त्याला हे चाललं तर आपल्याला ‘दोष’ का चालू नये?

वैद्यबुवा
कारण त्याला श्रोते जिंकायचे होते, उंबरठाताईंना काळ दाखवायचाय. वैकुंठ म्हटलं की ऐकणाऱ्याला ओळखीचं वाटतं, हाच त्याचा हेतू होता.

जुनी पाटी
‘भासांमाजि चोखळा भासा मराठी’ असं लिहिणारा माणूस. तो आज असता तर ‘विकार’च निवडता.

मडगांवकर
हे तुम्ही त्याच्या तोंडी घालताय. त्याने कोकणीचं व्याकरणही लिहिलं, ते त्याच्या मागे १६४० साली छापलं गेलं. मराठी आणि कोकणी दोन्हींत वावरलेला माणूस शुद्धतेच्या बाजूचा कसा ठरतो?

उंबरठा
शायलॉकला ‘लहर’ देतेय, कॅथरिनाला ‘पित्त’. जॉन्सनच्या शीर्षकासाठी ‘पिंड’ कसा वाटतो? दख्खनींनी सहज वापरलेला शब्द, ‘ज्याचा त्याचा पिंड’.

गिरगावकर
पिंड म्हटलं की आधी दहावा आठवतो.

जुनी पाटी
‘पिंडी ते ब्रह्मांडी’ आठवायला हवं. चार द्रव आणि चार महाभूतं जोडणारा त्यांचा विचार याच वचनाच्या जवळ जातो. आणि मडगांवकर, कोकणीचं व्याकरण लिहिलं म्हणून ख्रिस्तपुराणाची भाषा कोकणी होत नाही.

मडगांवकर
कोकणी आहे असं मी म्हटलंच नाही. पण त्या ओव्यांत गोव्यातल्या साष्टीच्या बोलीचे ठसे जागोजाग आहेत. त्यावर वेगळा धागा काढतो, तिथे ओव्याच समोर ठेवून बोलू.