१:१४४ कॉमेट ४बी किटमधून ४सी कसं करावं?

प्रश्न: माझ्याकडे एअरफिक्स कंपनीचं कॉमेट ४बी या जुन्या जेट प्रवासी विमानाचं मॉडेल किट (१:१४४, म्हणजे खऱ्याच्या १४४ पट लहान) आहे, त्यातून मेक्सिकाना या विमान कंपनीचं ४सी करायचंय. फ्यूजलाज (विमानाचं धड) कापावं लागेल का? पंख कुठे वाढवायचे?

उत्तर १: फ्यूजलाजला हात लावू नका. दोन्हींची लांबी एकच, ३५.९७ मीटर. फरक पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतरात आहे: ४बी ३२.८७ मीटर, ४सी ३५ मीटर. म्हणजे १:१४४ ला दर पंखामागे साधारण ७.४ मिमी. पंख मधोमध कापून पट्टी घातली तर निमुळत्या कडांना पायरी पडते आणि ती कितीही घासली तरी नजरेत येते. टोकाची गोलाई सुरू होते तिथेच कापा. १.५ मिमी प्लॅस्टिक शीटच्या पाच चकत्या छेदापेक्षा थोड्या मोठ्या कापून चिकटवा, मग पुढची-मागची कड स्टीलपट्टीच्या रेषेत घासत आणा. आत ०.८ मिमी पितळी तार हवीच, नाहीतर घासताना टोक निखळतं.

उत्तर २: चकत्यांना पातळ सिमेंट (प्लॅस्टिक जोडायचा पातळ गोंद) अगदी कमी लावा. थरांत अडकलेलं सिमेंट हळूहळू उडतं आणि रंगानंतर सांध्यावर खळगा पडतो. दोन दिवस सुकू द्या, मगच घासा.

उत्तर ३: पंखांवरच्या इंधन टाक्या विसरू नका! ४बीला त्या नव्हत्या, ४सीची ओळखच ती. जुन्या लढाऊ विमानाच्या मॉडेलमधल्या ड्रॉप टँकला (बाहेरून लावायच्या जादा इंधन टाकीला) पंखाच्या जाडीची खाच पाडा आणि पुढच्या कडेवर बसवा. जागा आराखड्यावरून मोजा, टाक्यांचा अक्ष फ्यूजलाजला समांतर ठेवा. पंखाच्या कडेला काटकोनात बसवल्या तर बाहेर वळलेल्या दिसतात.