नट नको होता, सिनेमा मात्र आवडला

काल लेकीने ॲडम सँडलरचा कुठलासा धांगडधिंगा लावला आणि मला 'पंच-ड्रंक लव्ह' (२००२) आठवला. हा माणूस दिसला की मी चॅनल बदलणारी. नवरा म्हणाला, अगं, दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन आहे, बस तरी. बसले. निळ्या सुटातला बॅरी, सात बहिणींचा एकुलता भाऊ. सकाळी रस्त्यावर कोणी बाजाची पेटी ठेवून जातं, हा ती उचलून ऑफिसात पळवतो. का? विचारू नका! बहिणी लहानपणावरून चिडवतात, हा कसनुसं हसतो आणि मग लाथा घालून काचेची दारं फोडतो. एरवीच्या सिनेमांतही तो असाच भडकतो, तिथे हसायचं असतं. इथे पोटात गोळा आला. तुम्हाला असं कुणाच्या बाबतीत झालंय? लिहा.

---

रुमाल टाकून ठेवते. पोरं झोपली की लिहीन.

---

पुडिंग विसरलात!! खरेदीवरच्या योजनेत विमानप्रवासाचे फुकट मैल मिळवायला बॅरी घेतो तो पुडिंगचा ढीग. एका माणसाने खरंच तसं केलं होतं, बारा हजारांवर कप. सिनेमा संपल्यावर मी तेच वाचत बसलो, सँडलर राहिला बाजूला.

---

रॉबर्ट पॅटिन्सन. भाचीने त्याची, 'ट्वायलाइट'मधल्या व्हॅम्पायरची, पोस्टरं लावलेली, मी भरपूर टर उडवलेली. मग 'द लाइटहाउस' (२०१९). कृष्णधवल, जवळजवळ चौकोनी चौकट, दोन माणसं आणि सतत तो भोंगा. माझा स्वयंपाक आवडत नाही का, यावरून विलेम डफो समुद्रदेवाला हाका मारून लांबलचक शाप देतो. डोळ्याची पापणी लवत नाही हो त्याची! त्यावर पॅटिन्सन पडेल आवाजात, बरं, आवडतो तुझा स्वयंपाक. भाचीची माफी मागितली नाहीये अजून.

---

>>आवडतो तुझा स्वयंपाक
आमच्याकडे रोज हाच संवाद, शापासकट 😂

---

'स्विस आर्मी मॅन' कुणीच नाही? हॅरी पॉटरवाला डॅनियल रॅडक्लिफ, आणि काम प्रेताचं. म्हटलं बरंय, अभिनयाचा प्रश्नच मिटला. सुरुवातीलाच पॉल डॅनो त्या पादणाऱ्या प्रेतावर बसून समुद्रात सुसाट. आई उठून गेली. बाबा डोळे पुसत हसत होते. पण पुढे ते प्रेत बोलायला लागतं आणि साध्या साध्या गोष्टी विचारतं ना, तिथे रॅडक्लिफ कमाल आहे.

---

ईईई. जेवताना वाचलं.

---

माझं उलटं. 'द लॉबस्टर'मधला ढेरी सुटलेला कॉलिन फॅरल आवडला, सिनेमा नाही झेपला. ४५ दिवसांत जोडीदार शोधा, नाहीतर प्राणी व्हा. अर्ध्यात सोडला.

---

अहो, पूर्ण बघा! सगळे सूचना वाचून दाखवल्यासारखे बोलतात, ते एकदा अंगवळणी पडलं की हसून मरायला होतं. असो, मी मांजर होईन.

---

अवांतर: त्यात ती हॉटेलवाली बाई म्हणते, बहुतेकांना आधी कुत्राच सुचतो म्हणून जगात कुत्री फार.

---

मग नवऱ्याचं ठरलेलं दिसतंय.

---

मी कासव. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, पळते.