इंग्रजांची जुनी मृत्युपत्रं (१५४०–१७००): मोठ्या मुलाला एक शिलिंग, बायकोला 'पलंग'. नेमकं काय समजायचं?

तिसवाडीकर

ग्रंथालयाच्या अभ्यासवर्गात १६व्या-१७व्या शतकातल्या साध्या इंग्रज माणसांच्या मृत्युपत्रांवर बोलायचं आहे. सरदार-दरकदार नकोत, शेतकरी, सुतार, लोहार, विधवा एवढेच. छापील लिप्यंतरं वाचतोय. अडलंय ते असं:

१. एकात थोरल्या मुलाला फक्त एक शिलिंग आणि पितळेचं भांडं, धाकट्या तिघांना वीस-वीस पौंड. थोरल्याला वाऱ्यावर सोडलं असं धरायचं का? आपल्याकडे गोव्यात अर्धी मालमत्ता वारसांसाठी राखीव, तिला हात लावता येत नाही, म्हणून जास्तच खटकलं.

२. बहुतेकांत जमिनीचं नावच नाही. ही माणसं भूमिहीन होती?

३. शेक्सपियरने बायकोला 'दुसऱ्या प्रतीचा पलंग' ठेवला. अपमानच ना?

४. एक मृत्युपत्र नोव्हेंबर १६१५ मध्ये लिहिलेलं आणि फेब्रुवारी १६१५ मध्ये मंजूर झालेलं. छपाईची चूक?

आणि मुळात, लोक कशावर झोपत, कशात शिजवत हे या कागदांवरून कितपत खात्रीने सांगता येतं?

जुनं_दफ्तर

चौथा प्रश्न आधी घेतो, तो लगेच सुटतो. इंग्लंडात १७५२ पर्यंत कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. कागदावरचा 'फेब्रुवारी १६१५' म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६१६. टिपणं काढताना १ जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख '१६१५/१६' अशी जोडून लिहा, नाहीतर माणसं मरणाआधीच प्रोबेट (मृत्युपत्राची कोर्टाकडून मंजुरी) घेताना दिसतील. दिवसांचाही फरक आहे. पोर्तुगालने १५८२ मध्ये नवी दिनदर्शिका घेतली, इंग्रज जुन्याला चिकटून राहिले. शेक्सपियरच्या मृत्युपत्रावरचा २५ मार्च १६१६ हा दिवस पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात ४ एप्रिल होता. (त्याच १६१६ साली रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजाचा मराठी ओवीबद्ध ग्रंथ छापून झाला. वर्गात सांगायला हरकत नाही.)

आता थोरला मुलगा आणि जमीन. हे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत. मृत्युपत्र म्हणजे सगळ्या मालमत्तेची वाटणी, ही आपली समजूत तिथे लावू नका. जे आधी ठरलेलं नाही तेवढ्याचीच तजवीज त्यात असते. पूर्ण मालकीची जमीन कोणाला लिहून दिली नसेल तर ती कायद्यानेच थोरल्या मुलाकडे जायची, त्यासाठी मृत्युपत्रात एक अक्षर लागत नसे. जमीन मृत्युपत्राने देण्याची सर्रास मुभाच मुळी १५४० च्या कायद्याने आली, आणि लष्करी सेवेच्या अटीवर धरलेली जमीन असेल तर तीही दोन-तृतीयांशापुरतीच. कॉपीहोल्ड म्हणून जी जमीन असे, तिची नोंद जहागिरीच्या कोर्टाच्या वहीत. ती मृत्युपत्राने परस्पर देता येत नसे. आधी त्या कोर्टात जाऊन सोडून द्यावी लागे. म्हणून मृत्युपत्रात जमीन नाही यावरून भूमिहीन हा निष्कर्ष कधीच काढायचा नाही.

थोरल्याला लग्नात किंवा धंद्याला लावतानाच वाटा मिळालेला असू शकतो. मग तो एक शिलिंग म्हणजे 'तुला विसरलो नाही' याची नोंद, पुढे त्याने तक्रार करू नये म्हणून. खरंच बिनसलं होतं का ते पाहायचं तर दोन खुणा शोधा. थोरल्याला व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, नेमलंय का? आणि धाकट्यांचे वीस पौंड कोणी द्यायचे आहेत? पुष्कळदा ते थोरल्यानेच जमिनीच्या उत्पन्नातून अमुक वर्षांत द्यायचे असतात, आणि चुकला तर जमीन धाकट्याकडे जाते. असं कलम सापडलं तर थोरला उपाशी नाही, उलट कर्जाच्या ओझ्याखाली आहे.

राखीव हिश्श्याबद्दल: तो प्रकार इंग्लंडात अगदीच नव्हता असं नाही. यॉर्कचा धर्मप्रांत, वेल्स आणि लंडन शहर इथे रूढीने जंगम मालमत्तेचे तीन भाग पडत: एक विधवेचा, एक मुलांचा, आणि उरलेला 'मेलेल्याचा वाटा', तेवढाच त्याच्या मर्जीचा. ही रूढी १७व्या शतकाच्या अखेरीपासून कायद्याने मोडत गेली. बाकी इंग्लंडात मर्जी चालायची. म्हणून मृत्युपत्र कुठल्या परगण्यातलं हे आधी पाहा.

पेडणेकर_बाय

तिसऱ्याबद्दल. घोटाळा 'पलंग' या शब्दातच आहे. त्या काळच्या कागदांत 'बेड' म्हणजे बहुधा गादी: पिसांची, लोकरीच्या गुठळ्यांची नाहीतर पेंढ्याची. लाकडी सांगाड्याला वेगळा शब्द, 'बेडस्टेड'. आणि त्या ओळीत 'फर्निचरसह' असं आहे. ते फर्निचर म्हणजे टेबल-खुर्ची नव्हे, तर लोड, उशा, चादरी, घोंगड्या, पांघरूण, पडदे असा सगळा सरंजाम. मध्यम घरात असा एक जामानिमा ही घरातल्या सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक असायची. उत्तम अंथरूण घराबरोबर वारसाकडे जाई किंवा पाहुण्यांसाठी असे.

ती ओळ मूळ मजकुरात नाही, दोन ओळींच्या मध्ये नंतर घुसवलेली आहे. आणि नवऱ्याच्या पूर्ण मालकीच्या जमिनीत विधवेला हयातभर एक-तृतीयांश हक्क कायद्यानेच असे, तो लिहावा लागत नसे. एवढ्यावरून 'अपमान' म्हणणं धाडसाचं, आणि 'प्रेमाची खूण' म्हणणंही तेवढंच धाडसाचं. वर्गात दोन्ही टाळा.

असे फसवे शब्द आणखी आहेत. 'हॉल' म्हणजे दिवाणखाना नव्हे. चूल, जेवण, काम सगळं जिथे चालतं ती मुख्य खोली. 'पार्लर'मध्ये बऱ्याचदा अंथरूण सापडतं, कारण घरधनी तिथे झोपायचा. 'कॉर्न' म्हणजे मका नव्हे, गहू-राय-जव असं कुठलंही धान्य. 'बोर्ड' म्हणजे जेवायची फळी, सुट्या लाकडी पायांवर टाकायची. 'पेंटेड क्लॉथ' हे चित्र नव्हे, भिंतीवर टांगायचं रंगवलेलं कापड, महागड्या विणलेल्या पडद्यांची स्वस्त नक्कल. नात्यांत तर फारच जपा: 'सन-इन-लॉ' हा जावई असेल किंवा सावत्र मुलगा, आणि 'कझिन' म्हणजे पुतण्या-भाचीपासून लांबच्या नातेवाइकापर्यंत कोणीही. वंशवृक्ष काढण्याआधी सगळी नावं एका कागदावर मांडा आणि कोण कोणाला काय म्हणतो ते बाण काढून जुळवा.

कुळागर

वरची उत्तरं पटली, पण शेवटच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. शिजवायचं कशात, झोपायचं कशावर हे मृत्युपत्र सांगत नाही, इन्व्हेंटरी, म्हणजे मेलेल्याच्या मालाची यादी, सांगते. आणि गोव्यातल्या माणसाची इथेच गफलत होते. आपल्याकडे इन्व्हेंटरी म्हटली की कोर्टातलं प्रकरण डोळ्यांसमोर येतं: घर, भाट (माडांची बाग), शेत, सोनं सगळं यादीत, मग वारसांत वाटणी. इंग्रजी इन्व्हेंटरीत घर आणि मालकीची जमीन नसतेच. फक्त जंगम. भाडेपट्ट्याची जमीन मात्र जंगम धरली जाई, ती येते. पेरलेलं धान्य शेतात उभं असलं तरी येतं. गवत आणि झाडावरची फळं येत नाहीत.

१५२९ च्या कायद्यानुसार व्यवस्थापकाने ही यादी चर्चच्या कोर्टात द्यायची. निदान दोन जण, बहुधा शेजारी, मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत घरभर खोलीखोलीने फिरून किंमत लावायचे. यादीचा क्रम म्हणजे त्यांच्या पावलांचा क्रम, त्यावरून घराचा अंदाजे आराखडा निघतो. पण रिकाम्या खोलीचं नाव येत नाही, म्हणून 'पाच खोल्या' म्हणजे 'निदान पाच'.

किंमती जुन्या बाजाराच्या आणि हात आखडून लावलेल्या असतात. पितळ आणि प्यूटर (कथलाचा मिश्रधातू) तर बहुतेकदा वजनावर, मोडीच्या भावात. लाकडी ताटं, मातीची मडकी, झाडू, टोपल्या या पेन्सभर किंमतीच्या वस्तू शेवटी 'बाकी सटरफटर' या एका ओळीत गाडल्या जातात. रोज हाताळलेली वस्तू त्यामुळे सर्वांत कमी दिसते. यादीत चमचा नाही म्हणून चमचा नव्हता, हे म्हणायचं नाही. विधवेचे स्वतःचे कपडे गळालेले असतात. खाण्यापैकी टिकणारं तेवढं दिसतं: खारवलेलं डुकराचं मांस, चीज, माल्ट. ताजी भाजी, दूध, मुलांच्या ताटात काय पडायचं, यातलं काहीच नाही.

महिना बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मेलेल्या शेतकऱ्याचं कोठार भरलेलं, मे महिन्यात मेलेल्याचं रिकामं. दोघांची बेरीज शेजारी ठेवून श्रीमंत-गरीब ठरवलं तर फसाल.

कर्जं सर्वांत घातक. त्याचं येणं यादीत येतं, तेही 'वसूल होईल' आणि 'बुडीत' असं वेगळं करून. त्याचं देणं मात्र पुष्कळदा येत नाही. शंभर पौंडांची यादी असलेला माणूस कर्जात बुडालेला असू शकतो. ते कळतं व्यवस्थापकाने नंतर दिलेल्या हिशेबावरून: अंत्यविधीचा खर्च, डॉक्टर, भाडं, फेडलेली देणी, पोरक्या मुलांच्या कपड्याजेवणाचा खर्च. हे हिशेब यादीपेक्षा कमी टिकलेत, पण मिळाला तर सोडू नका.

सगळे कागद एका जागी नाहीत. साधी माणसं आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालचा धर्माधिकारी) किंवा बिशपच्या कोर्टात, त्यांचे कागद बहुतेक परगण्याच्या दफ्तरखान्यात. एकाहून जास्त बिशपांच्या हद्दीत माल असलेले, परदेशात किंवा समुद्रावर मेलेले, हे बहुधा कँटरबरीच्या वरिष्ठ कोर्टात. ते दफ्तर लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, 'प्रॉब ११' या मालिकेत. डेव्हनची मृत्युपत्रं शोधत बसू नका, १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात एक्सेटरला बरीचशी जळाली.

मांडवीकाठ

एक जोड. सुरुवातीचा देवाधर्माचा परिच्छेद पाहून 'हा कॅथलिक, हा प्रोटेस्टंट' असं चटकन ठरवू नका. मेरी आणि सर्व संतांकडे आत्मा सोपवला तर जुना पंथ, फक्त ख्रिस्ताच्या पुण्याईवर भिस्त ठेवली तर नवा, हा ठोकताळा आहे खरा. पण मजकूर पाद्री, शाळामास्तर किंवा लिहिणारा शेजारी घालायचा, आणि एकाच लेखकाचं तेच वाक्य गावातल्या कित्येक मृत्युपत्रांत सापडतं. आधी साक्षीदारांची नावं पाहा, लेखक बहुधा त्यांतच असतो. मग त्याच्या हातची दुसरी मृत्युपत्रं काढून ताडून बघा. वेगळं पडलेलं वाक्य तेवढं मरणाऱ्याचं.

सहीच्या जागी खूण दिसली तरी निरक्षर म्हणू नका. बहुतेक मृत्युपत्रं अंथरुणाला खिळल्यावर लिहिलेली, हात चालत नसे. आणि 'प्रॉब ११' मधली प्रत कारकुनाने वहीत उतरवलेली आहे, तिथे सही आणि खूण दोन्ही त्याच्याच हातची.

'मेमोरँडम' या शब्दाने सुरू होणारं म्हणजे बहुधा तोंडी मृत्युपत्र, शेवटच्या घटकेला बोललेलं आणि ऐकणाऱ्यांनी नंतर लिहिलेलं. माणसाची बोली ऐकायची तर हीच काढा. १६७७ च्या कायद्याने तीस पौंडांवरच्या मालमत्तेत तोंडी मृत्युपत्रावर कडक अटी आल्या, त्यानंतर ती विरळ होतात.

तिसवाडीकर

देव बरें करूं, सगळ्यांना. टिपणांतली अर्धी वाक्यं खोडावी लागणार. दोनच गोष्टी उरल्या. वीस पौंड म्हणजे किती? आणि बायका मला फार कमी सापडताहेत.

जुनं_दफ्तर

एक पौंड = २० शिलिंग, एक शिलिंग = १२ पेन्स. 'मार्क' हे नाणं नव्हे, हिशेबाची रक्कम: १३ शिलिंग ४ पेन्स. शेक्सपियरने तीन नटमित्रांना अंगठ्यांसाठी प्रत्येकी दिलेले २६ शिलिंग ८ पेन्स विचित्र वाटतात, ते सरळ दोन मार्क आहेत.

आजच्या रुपयांत आणू नका, मजुरीत मोजा. दक्षिण इंग्लंडात १६०० च्या सुमारास बांधकामावरच्या मजुराला दिवसाला ८ पेन्स. वीस पौंड म्हणजे ४,८०० पेन्स, म्हणजे ६०० दिवसांची मजुरी. १५०० च्या सुमाराला हाच दर ४ पेन्स होता, तेव्हा साल पाहून भागा. रोमन आकड्यांत चारवर बारीक वीस लिहिलेले दिसले तर चोवीस वाचू नका. ते चार कोडी, ऐंशी.

पेडणेकर_बाय

बायका कमी सापडतात कारण विवाहितेला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे. जी आहेत ती बहुतेक विधवांची आणि अविवाहितांची. पण वस्तू बघायच्या तर तीच वाचा. पुरुष 'माझे सगळे कपडे' म्हणून मोकळा होतो. विधवा लाल परकर एका भाचीला, रोजचा झगा मोलकरणीला, तागाची चादर धर्मकन्येला असं एकेक करून देते. पुष्कळींच्या नावावर कर्जरोखेही असतात. गावात व्याजाने पैसे लावणारी विधवा ही नवलाची गोष्ट नव्हती. १५७१ च्या कायद्याने दहा टक्क्यांपर्यंतचं व्याज चालवून घेतलं, १६२४ मध्ये मर्यादा आठवर आली.

नवऱ्यांच्या मृत्युपत्रांतही त्या दिसतात, फक्त अटी वाचायला हव्यात. घर मुलाकडे, पण आईला एक खोली, चुलीपाशी बसायची जागा, विहिरीपर्यंत जायची-यायची वाट, एका गाईचं चरणं, ठरावीक झाडांची सफरचंदं, आणि हे सगळं ती पुन्हा लग्न करेपर्यंत. सून आणि सासू एका छपराखाली राहणार, उद्या वाजलं तर कोर्टात दाखवायला शब्द हवेत, म्हणून हा बारकावा. वर कुळागर यांनी सांगितलेला आराखडा काढाल तेव्हा या अटी इन्व्हेंटरीशेजारी ठेवा. चुलीपाशी बसण्याचा हक्क लिहून द्यावा लागला असेल तर तिच्या खोलीत चूल धरू नका.